तोकुजी मोमोसे यांच्या तीनशे बारा माना

जपानात, आझुसा नदीच्या काठी आकाहाने वाद्य कारखाना उभा राहिला, तेव्हा तिथल्या चाळीस माणसांपैकी एकालाही गिटार वाजवता येत नव्हती. तोकुजी मोमोसेंना तर ती कुठल्या हातात धरायची हेही ठाऊक नव्हतं. पण पुढच्या काही वर्षांत त्यांनी तासलेल्या गिटारीच्या माना, म्हणजे तारांखालचे लांब दांडे, सातासमुद्रापलीकडे हजारो पोरांनी मुठीत धरल्या, आणि त्यातल्या एकालाही मोमोसे हे नाव कधी कळलं नाही. त्याचं तोकुजींना काही वाटत नसे. वाटलं ते एकदाच, त्या तीनशे बारांच्या वेळी.

आधी माणूस कसा होता ते बघा. ठेंगणा, रुंद पंजांचा, आणि डोकं कायम डाव्या खांद्याकडे झुकलेलं. नवा माणूस विचारायचा, मान लचकली का? लचकली नव्हती. फळी गालाला लावायची सवय. लाकूड वाळलं की नाही हे ते बोटाने ठोकून बघायचे आणि मग गालाला लावायचे. गार लागलं तर आत ओल आहे, परत छपराखाली जा. कोमट लागलं तर ये बाबा, तुझी पाळी आली. गावच्या शाळेत आठ यत्ता झाल्यावर मात्सुमोतोतल्या एका सुताराकडे कपाटं करायला राहिले. तिथे सहा वर्षांत ही विद्या गालात उतरली. युद्धात त्यांना विमानांच्या लाकडी शेपट्या करायला बसवलं. "एकाही शेपटीची तक्रार आली नाही," ते सांगायचे, "कारण एकही परत आली नाही." असं सांगून हसायचे, आणि लगेच पुढची फळी गालाला लावायचे.

युद्धानंतर बर्फावर घसरायच्या पट्ट्या केल्या, रेशमाची रिळं केली, रेडिओच्या पेट्या केल्या. रेडिओच्या पेट्या करणारे आकाहाने मालक एके दिवशी शहरातून एक कागद घेऊन आले. अमेरिकेतल्या कुठल्याशा यादीतून फाडलेलं पान होतं ते. त्यावर विजेवर वाजणाऱ्या गिटारीचा फोटो.

"तोकु-सान, अशी करता येईल?"

तोकुजींनी फोटो उलटा केला. मागे एका बाईच्या हातात केस वाळवायचं यंत्र होतं. "मालक, ही पुढून कळली. मागून कशी आहे?"

"मागचा फोटो कुठून आणू?"

"मग जाडी?"

मालकांनी खांदे उडवले. आता हाताखाली दुसरं काहीच नाही म्हटल्यावर तोकुजींनी मागची बाजू आपल्या मनाने केली. आणि तोकुजींच्या मनात हाताने धरायची वस्तू म्हणजे कुदळ. पहिली मान झाली ती अस्सल कुदळीच्या दांड्यासारखी. रंगखात्यातला कुमाई मोठा वात्रट, तो ती खांद्यावर टाकून कारखानाभर फिरला, "चला रे, बटाटे काढायला!" पुढे अमेरिकेहून गिऱ्हाईक आलं, मिनेसोटा नावाच्या प्रांतातले ड्युवॉल साहेब. ते दाराशी हस्तांदोलनाला हात पुढे करतात तोच तोकुजींनी तो हात धरून ठेवला आणि कंपास काढून पंज्याची मापं घ्यायला सुरुवात केली. साहेब लाल झाले. दुभाष्याचं काम करायला शाळेतले इंग्रजीचे ओरीई मास्तर आले होते. बावीस वर्षं इंग्रजी शिकवून त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा खरा इंग्रजी बोलणारा माणूस पाहिला होता, त्यामुळे भाषांतर सोडून ते साहेबांकडेच बघत राहिले. पण त्या मापांवर जी मान झाली, ती साहेबांनी हातात घेतली आणि बराच वेळ सोडलीच नाही.

आणि पहिला आवाज! तार छेडली, तर आवाज मोठा करायच्या डब्यातून जो हंबरडा निघाला, त्याने मालकांच्या म्हाताऱ्या आई मागच्या घरातून अंगणात धावत आल्या, डोक्यावर उशी धरून. त्यांना वाटलं, भोंगा झाला, विमानं आली.

तर असा हा कारखाना. सहा वर्षांत चाळिसाची दोनशे माणसं झाली. पण गिटारींवर नाव कधी आकाहानेंचं नसायचं. ज्याची मागणी त्याचं नाव. सकाळी एक चकती डकवायची, दुपारी दुसरी. एकदा मोजलं तर सतरा नावं भरली. पेटी बांधणाऱ्या बायका म्हणायच्या, "सतरा घरची बाळंतपणं करतोय आपण, आपल्या कुळाचं एकही नाही." मालकांनी ते ऐकलं, आणि ते त्यांना लागलं.

एका वसंतात त्यांनी सगळ्यांना अंगणात जमवलं. म्हणाले, "यंदा आपल्या नावाची गिटार करायची. नाव राइचो." राइचो म्हणजे आमच्या डोंगरमाथ्यावरचा पक्षी, थंडीत पांढरा होतो तो. गिटारीच्या डोक्यावर, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला, शिंपल्याचा छोटा पांढरा पक्षी आणि खाली सोनेरी अक्षरं. ड्युवॉल साहेबांनी कळवलं, हे नाव आमच्याकडे कुणाच्या जिभेवर बसणार नाही. मालकांनी ओरीई मास्तरांकडून उत्तर धाडलं, "गिटार बोटांनी वाजवतात, जिभेने नाही." मास्तरांनी ते बरंच सौम्य करून लिहिलं असणार, कारण साहेबांनी तीनशे बारा नग मागवले.

मग लाकडाचा प्रश्न आला. इतर सतरा नावांच्या गिटारींना बाहेरून आणलेलं, भट्टीत वाळवलेलं तयार लाकूड चालायचं. साहेबांनी राइचोसाठीही तेच सुचवलं होतं. मालकांनी तोकुजींना विचारलं.

"भट्टीतलं?" तोकुजींनी तोंड वाकडं केलं. "मालक, भट्टीतलं लाकूड म्हणजे कोळशावर भाजलेला मासा. वरून छान, उचलायला गेलं की तुकडे. आपल्या घरच्या लेकराला ते घालायचं?"

"मग?"

"माझ्याकडे मेपलचं लाकूड आहे. छपराखाली तीन हिवाळे काढलेत त्याने. माझ्या गालाची हमी."

मालकांनी त्या गालाकडे बघितलं आणि मान डोलावली. दुसरा कुणी असता तर चौकशी केली असती, प्रयोग केले असते. पण आमच्याकडे तीन हिवाळे सोसलेल्या लाकडावर कुणी शंका घेत नाही. त्या लाकडाची कपाटं सासरी जातात आणि नातसुनेपर्यंत त्यांचे खण नव्यासारखे सरकतात.

तीनशे बारा माना तोकुजींनी एकट्याने तासल्या. मदतीला कुणाला हात लावू दिला नाही. मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, सतारीला असतात तसे पडदे, त्यांची टोकं त्यांनी अशी घासली की रेशमी कापड फिरवलं तरी धागा अडकू नये. बायको किनुए म्हणाली, "अहो, आपल्या लग्नाच्या कपाटाला तरी एवढं घासलं होतंत का?"

"तेव्हा घाई होती," तोकुजी म्हणाले.

"कसली?"

"लग्नाची."

सप्टेंबरात पेट्या निघाल्या. ट्रक नदीच्या पुलावरून वळेपर्यंत दोनशे माणसं रस्त्यात उभी होती. मालकांनी तर वाकून नमस्कार केला, रिकाम्या पुलाला.

जानेवारीत पत्र आलं. ओरीई मास्तरांनी ते मालकांच्या खोलीत आधी मनात वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच बदलला. "लिहिलंय, की... हात कापतात."

"कुणाचे?"

"वाजवणाऱ्यांचे. पडद्यांची टोकं मानेच्या बाहेर आली आहेत. आणि माना पिळवटल्यात. नाताळात मुलांना भेट दिलेल्या गिटारी पालक दुकानात परत आणून टाकताहेत."

तोकुजी दाराशी उभे होते. ते एवढंच म्हणाले, "बाहेर कशी येतील? मी रेशीम फिरवलं होतं."

मे महिन्यात जहाजाने सगळ्या पेट्या परत आल्या. दुरुस्त करा आणि पाठवा, असा निरोप. तोकुजींनी पहिली पेटी उघडली, मानेवरून अंगठा फिरवला, आणि अंगठ्यातून रक्त आलं. मग दुसरी. मग विसावी. कुमाई शेजारीच होता. मानेची रुंदी तोकुजींनी कंपासाने मोजली. लाकूड आकसलं होतं, पण धातू कुठे आकसतो? तो होता तेवढाच राहिला आणि कडेने दातांसारखा बाहेर आला.

"कानस घेऊ का?" कुमाईने विचारलं. "टोकं घासून टाकली की झालं."

"एकालाही हात लावू नकोस. का झालं ते कळल्याशिवाय नाही."

ते कळलं एका फोटोमुळे. साहेबांनी तक्रारीबरोबर दुकानाचा फोटो पाठवला होता. लोकांनी त्यात वाकड्या माना पाहिल्या. तोकुजी मात्र खिडकी बघत बसले. खिडकीबाहेर कमरेएवढा बर्फ होता. आणि आत, राइचो हातात धरलेला दुकानदार, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात.

"मास्तर," त्यांनी फोटो पुढे केला, "हा माणूस कुडकुडत का नाही?"

"घर तापवतात ना ते."

"म्हणजे शेगडी?"

"शेगडी नव्हे हो. तळघरात भट्टी असते. सगळं घर तापतं. जिने, खोल्या, कपाटं, सगळं. दिवसरात्र, चार-पाच महिने."

तोकुजींनी फोटो पुन्हा हातात घेतला. आमच्याकडे थंडीत कुणी घर तापवत नाही, पाय तापवतात. टेबलाखाली निखारे, वर गोधडी, पाय आत घालायचे. पाठ गारठलेली, समोर चहा, आणि तोंडातून वाफ. अशा घरात लाकूड मजेत राहतं. जगात कुठे माणसं घराच्या घर वाळत घालतात, हे आमच्या खोऱ्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तीन हिवाळे काढलेलं मेपल तिकडे एका हिवाळ्यात चौथ्यांदा वाळलं.

"मग मीच," तोकुजी म्हणाले. "भट्टी नको म्हणणारा मीच."

जूनमध्ये पाऊस लागला. दोन आठवडे डोंगर दिसले नाहीत, चटयांना बुरशी आली, काडेपेट्या पेटेनात. पेट्या उघड्या गोदामात पडून होत्या. एका सकाळी तोकुजी सहज आत गेले, सवयीने एक गिटार उचलली, डोळा लावून मानेच्या रेषेत पाहिलं. सरळ. अंगठा फिरवला. काहीच लागलं नाही. दुसरी उचलली. तिसरी. दुपारपर्यंत ते जेवायलाही गेले नाहीत. पडदे आत गेले होते, पीळ सुटला होता. माना घरी आल्या होत्या, आणि घरची हवा पिऊन पहिल्यासारख्या झाल्या होत्या.

आता मालकांना नुसतं सांगून भागणार नव्हतं. तोकुजींनी एक गिटार घरी नेली, घरातली सगळ्यात लहान खोली निवडली, फटींना कागद चिकटवले आणि आत दोन शेगड्या लावल्या. बाहेर जून संपत आलेला.

"अहो, डोकं फिरलं का?" किनुए कमरेला बांधलेल्या फडक्याने गळा पुसत म्हणाली. "पाहुणे आले तर काय सांगू, नवरा कुठाय?"

"अमेरिकेत गेलाय म्हण."

"तिकडचं जेवण तरी मागू नका मग."

बारा दिवसांत मान पिळली, टोकं बाहेर आली. मग तीच गिटार त्यांनी ओसरीवर पावसाच्या हवेत टांगली. आणखी बारा-तेरा दिवसांत ती सरळ. ती घेऊन ते मालकांच्या खोलीत गेले, जोडे काढायचंही विसरून.

"मालक, लाकूड जिवंत आहे. त्यात खोट नाही. त्यांना फक्त एवढंच कळवा, की थंडीत गिटारीजवळ पाण्याचं एक घमेलं ठेवा. नुसतं एक घमेलं! हवा ओली राहिली की झालं."

मालकांच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांनी थोडा उजेड आला. ओरीई मास्तरांनी रात्र खर्चून तीन पानी पत्र लिहिलं. त्यात घमेल्याचं चित्रही काढलं, आकार, पाण्याची पातळी सगळं दाखवून. पत्र गेलं. तेव्हापासून तोकुजी रोज टपालवाल्याच्या वाटेवर. कुमाईने पैज लावली, साहेब घमेल्यांचीही मागणी देतील. खूप दिवसांनी सगळे हसले.

उत्तर ऑगस्टच्या मध्यात आलं. पत्र फार सभ्य होतं, आणि तेच वाईट होतं. साहेबांनी लिहिलं होतं की आपल्या कामगाराच्या निष्ठेने मी भारावलो. परंतु माझ्या गिऱ्हाइकांपैकी गिटारीसाठी घरात घमेलं ठेवणारा मला एकही माहीत नाही. राइचो हे नाव आता दुकानदार घेणार नाहीत. नुकसान विमा कंपनीने भरून दिलं आहे, त्यामुळे हा माल आता बाजारात कुठेही, तुमच्या देशातसुद्धा, जाता कामा नये. सगळे नग नष्ट करावेत, आणि पुरावा म्हणून प्रत्येक गिटारीचं नाव असलेलं डोकं कापून पाठवावं. इतर नावांच्या गिटारींची मागणी मी दुप्पट करत आहे. भट्टी मात्र बसवून घ्यावी.

मालकांनी पत्र दोनदा वाचायला लावलं. मग खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर दोनशे माणसं काम करत होती.

"मालक, पण त्या बऱ्या झाल्यात," तोकुजी म्हणाले. "माझ्याबरोबर गोदामात चला. एकेक दाखवतो."

"माहीत आहे, तोकु-सान."

"मग एक पत्र आणखी..."

"काय लिहू? आम्ही बरोबर आहोत म्हणून?" मालकांनी पत्र पुढे सरकवलं. "आहोत की बरोबर. त्याचं काय करू?"

तोकुजींनी ते हातात घेतलं. पत्राशी भांडता येत नाही. लाकूड असतं तर ठोकून बघितलं असतं, ओल शोधली असती, काहीतरी केलं असतं. हा कागद कुठूनही गार लागत नव्हता.

आमच्याकडे मोडलेल्या सुयासुद्धा अशाच फेकत नाहीत. त्यांची पूजा होते, उपकार मानून निरोप देतात. मालकांनी गावच्या बुद्धाच्या देवळातल्या ओशोंना, म्हणजे मुख्य भिक्षूंना, बोलावलं. गिटारी अंगणात रांगेने मांडल्या, समोर उदबत्त्या लावल्या. दोनशे माणसं डोकी झुकवून उभी. ओशो ऐंशीच्या घरातले. त्यांनी घंटा वाजवून विचारलं, "नाव काय यांचं?"

"राइचो," मालक म्हणाले.

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

ओशोंनी सूत्र म्हणता म्हणता ते नाव तीनदा मोठ्याने घेतलं. पेटी बांधणाऱ्या बायकांपैकी एक रडायला लागली. मालकांच्या आई म्हणाल्या, "तीनशे बारा एका दिवशी. युद्धातही आपल्या गावाने एवढे एकदम पाहिले नाहीत." त्यांना कुणी गप्प केलं नाही.

करवत तोकुजींची होती, म्हणजे त्या करवतीवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही असा आजवरचा रिवाज. कुमाई म्हणाला, "तोकु-सान, मी करतो. तुम्ही आज घरी जा." तोकुजी करवतीपाशी जाऊन बसले. दुसऱ्याच्या हातून वेडंवाकडं कापलं गेलं असतं, ते त्यांना चाललं नसतं. पक्ष्याच्या पायाखाली दोन बोटं सोडून, काटकोनात, एकेक. पहिल्यांदा मेपलचा वास सुटला तेव्हा त्यांचा हात थांबला. तीन हिवाळ्यांचं लाकूड कापलं की गोडसर वास येतो, भट्टीतल्याला येत नाही. मग पुन्हा हात चालू झाला. कुमाई धडं उचलून नव्या भट्टीच्या जागेकडे नेत होता. दिवसभर तो एक शब्द बोलला नाही. त्याला ओळखणाऱ्या माणसांना करवतीपेक्षा तेच जास्त ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी डोकी पेटीत भरली. तोकुजींनी ती आडवीतिडवी टाकू दिली नाहीत. प्रत्येक थरात कागद, सगळे पक्षी एका दिशेने. अमेरिकेत विमा कंपनीचा कुणी कारकून ती पेटी उघडून मोजेल आणि बंद करेल, हे सगळ्यांना कळत होतं. किनुए डबा घेऊन आली होती, ती बघत उभी राहिली. "अहो, आता कशाला एवढं नीट?"

"मग कसं भरू?" तोकुजींनी विचारलं. ते खरंच विचारत होते. तीही कागद घड्या करून देऊ लागली.

झाकण लावलं. ओरीई मास्तर कुंचला घेऊन आले. आत काय आहे ते पेटीवर इंग्रजीत लिहावं लागतं. त्यांनी कागदपत्रं पाहिली, त्यांत या मालाला 'मोडकं लाकूड' म्हटलं होतं, बराच वेळ कुंचला नुसता बुडवत राहिले, मग वाकून दोन शब्द लिहिले आणि पुढे आकडा.

"काय लिहिलंत, मास्तर?"

मास्तरांनी वर पाहिलं नाही. "गिटारी," म्हणाले. "गिटारी, नग तीनशे बारा."

तोकुजींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण सहा वर्षं रोज शेकडो पेट्यांवर तो शब्द त्यांनी पाहिला होता, त्याची लांबी डोळ्यात बसली होती. तो एकच शब्द असायचा. इथे दोन होते.

"बरं झालं," ते म्हणाले, आणि तोंडात धरलेले चार खिळे एकेक काढून झाकणाच्या चार कोपऱ्यांना ठोकले.